मूत्र-असंयम, वृद्ध स्त्रियांतील : जोखीम घटकांची ओळख

इच्छा नसताना कमीअधिक लघवी सुटणे म्हणजे मूत्र-असंयम. ‘लघवी आवरत नाही’, ‘खोकला आला की लुगडं ओलं होतं’, ‘संडासापर्यंत पोचेस्तोवर थांबत नाही’ अशा शब्दांत ही तक्रार सांगितली जाते; पुष्कळदा ती सांगितलीच जात नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण जास्त आहे. जगभरच्या बहुतेक पाहण्यांत सुमारे २५ ते ४५ टक्के स्त्रियांनी केव्हा ना केव्हा लघवी सुटत असल्याचे सांगितले आहे. वयाबरोबर हे प्रमाण वाढते, पण मूत्र-असंयम हा म्हातारपणाचा अटळ भाग नाही. उतारवयात त्यामागे सहसा एकच कारण नसते. काही कारणे बदलता येत नाहीत, बरीचशी बदलता येतात आणि काही तर महिन्याभरात दूर होतात. जोखीम घटक ओळखायचे ते ही निवड करण्यासाठी. या नोंदीत विषयाची सर्वसाधारण माहिती सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनाऱ्याच्या, संदर्भात दिली आहे.

प्रकार : खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटते तो ताणजन्य प्रकार. अचानक तीव्र घाई होऊन वाटेतच सुटते तो घाईजन्य प्रकार. दोन्ही एकत्र असल्यास मिश्र प्रकार म्हणतात; वृद्ध स्त्रियांत तो बराच आढळतो. मूत्राशय नीट रिकामे न झाल्याने थेंबथेंब गळते तो ओसंडणारा प्रकार. मूत्रमार्ग ठीक असूनही गुडघे, दृष्टी, स्मृती किंवा घराची रचना आड येऊन वेळेवर पोचता येत नाही, तो कार्यात्मक प्रकार. प्रत्येक प्रकाराचे जोखीम घटक वेगळे असल्याने प्रकार ठरवणे ही पहिली पायरी होय.

शरीरातील बदल : मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायू सैल राहून लघवी साठू देतो. मूत्रमार्गाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू आणि ओटीपोटाला खालून आधार देणारे श्रोणितलाचे स्नायू ती अडवून धरतात. वय वाढते तसे मूत्राशयात कमी लघवी मावते, लघवी करून झाल्यावरही थोडी शिल्लक राहते आणि रात्री लघवी तयार होण्याचे प्रमाण वाढते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्याने मूत्रमार्ग व योनी यांचे अस्तर पातळ व कोरडे होते. यावर तोंडाने इस्ट्रोजेन घेणे हा उपाय नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाच्या २००५ मधील निष्कर्षांनुसार तोंडी संप्रेरकांनी लघवी सुटण्याचे प्रमाण उलट वाढले. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाचा मात्र काही स्त्रियांना उपयोग होतो.

बाळंतपणे आणि पूर्वेतिहास : योनीमार्गे प्रसूती, चिमट्याने केलेली प्रसूती, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आणि आई किंवा बहिणीला असलेला हाच त्रास हे पूर्वेतिहासातील घटक होत. नॉर्वेतील एका परगण्यात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांखालील स्त्रियांपैकी मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ टक्के आणि योनीमार्गे प्रसूती झालेल्यांत २१ टक्के असे प्रमाण दिसले. त्याच पाहणीत ६५ वर्षांनंतर बाळंतपणांशी असलेला हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून वृद्ध स्त्रीची तक्रार ‘चार बाळंतपणं झाली, होणारच’ या वाक्यावर संपवणे चुकीचे ठरते. त्या वयात आजची प्रकृती, आजची औषधे आणि आजचे घर यांचा वाटा मोठा असतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘अंग बाहेर येणे’, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरणे, असल्यास तपासणी करावीच लागते. उतरलेल्या अवयवामुळे मूत्रमार्ग दुमडून लघवी तुंबूही शकते.

सोबतचे आजार : स्थूलपणात पोटाचा भार श्रोणितलावर सतत पडतो. अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवणाऱ्या गटात लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. मधुमेहात साखर वाढली की लघवीचे प्रमाण वाढते, आणि पुढे मज्जातंतूंना इजा झाल्यास मूत्राशय भरल्याची जाणीव मंदावते. जुना खोकला हा ताणजन्य प्रकाराचा ठळक घटक आहे. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रियांना विडी-सिगारेट न ओढताही फुफ्फुसांचा जुनाट विकार होतो, म्हणून कोकणातल्या घरांत चुलीची विचारपूस आवश्यक ठरते. बद्धकोष्ठतेत भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य हेही जोखीम वाढवतात.

औषधे : हा घटक सर्वांत सहज दुरुस्त होणारा आणि सर्वाधिक नजरेआड राहणारा आहे. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या संध्याकाळी घेतल्यास रात्र जागवतात. रक्तदाबावरील प्राझोसिन मूत्रमार्गाचा स्नायू सैल करते. एनालाप्रिल गटातील औषधांनी कोरडा खोकला येतो. अम्लोडिपिनने पावलांवर सूज आल्यास दिवसभर साचलेले ते पाणी रात्री आडवे झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडते. झोपेच्या गोळ्यांनी जाग उशिरा येते आणि तोल जातो. औषध रुग्णाने परस्पर बंद करायचे नसते. वेळ, मात्रा किंवा प्रकार डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा असतो.

सिंधुदुर्गातील परिस्थिती : १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा राज्यातील वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. २०११ च्या जनगणनेत येथे दर १,००० पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. राज्याची सरासरी ९२९ होती. कर्ती मंडळी मुंबईला आणि गावच्या घरात म्हातारी एकटी, किंवा नवराबायको दोघेच, ही स्थिती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात; एरवी रात्री हात धरायला घरात कोणी नसते.

घराची रचनाही जोखमीत भर घालते. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला, म्हणजे शौचालयांची उणीव बरीच भरून निघाली. पण अनेक जुन्या घरांत संडास मागील दारी, घरापासून काही पावले दूर असतो. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, वीज जाते, आणि गुडघे धरलेल्या बाईला उकिडवे बसून उठणे कठीण होते. घाईत धावताना पडून खुब्याचे हाड मोडणे हा मूत्र-असंयमाचा सर्वांत गंभीर परिणाम होय. शेतात तरवा (भाताची रोपे) काढणे-लावणे, बंदरावरून मासळीच्या पाट्या वाहणे, पाण्याच्या कळशा उचलणे या कामांत पोटातील दाब वारंवार वाढतो. अशा ओझ्याचा अंग बाहेर येण्याशी संबंध मानला जातो; मूत्र-असंयमाशी त्याचा थेट संबंध तितका स्पष्ट नाही.

बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बाईला सोयीचे स्वच्छतागृह नसले, की ती पाणी पिणेच कमी करते. त्यातून लघवी दाट होऊन मूत्राशयाची चुरचुर वाढते, बद्धकोष्ठता व जंतुसंसर्ग बळावतात आणि तक्रार कमी होण्याऐवजी वाढते. एस.टी.चा लांबचा प्रवास, आंगणेवाडीच्या जत्रेतील रांग, रात्रभर चालणारा दशावतार हळूहळू टाळले जातात. कपडे ओले होण्याच्या धास्तीने देवळात जाणेही सुटते. ‘आताशा आजी कुठे जात नाही’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते.

न सांगितलेला आजार : स्त्रियांच्या अशा तक्रारी दवाखान्याच्या आकडेवारीत का दिसत नाहीत, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास मूत्र-असंयमाचा नव्हता. मात्र गावात जाऊन, विश्वासाने विचारल्याखेरीज असे आजार नोंदीत येत नाहीत हे त्याने दाखवून दिले.

ओळखण्याची पद्धत : आरंभ तीन प्रश्नांनी करता येतो. मागच्या तीन महिन्यांत नकळत थोडीही लघवी सुटली का? सुटली ती खोकताना-उचलताना, घाई होऊन, की दोन्ही नसताना? यांपैकी जास्त वेळा कशाने? हे प्रश्न एकांतात, शक्यतो बाईनेच विचारावेत; सून-मुलग्यासमोर विचारू नयेत. त्यानंतर तीन दिवसांची नोंद ठेवतात : किती वाजता, किती पाणी प्यायले, किती लघवी झाली, केव्हा सुटली. लिहिता न येणाऱ्या स्त्रीसाठी भांड्याचे माप आणि रेघा पुरतात. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीतून आणायला सांगावे. लघवीची व साखरेची तपासणी, भरल्या मूत्राशयाने खोकून पाहणे, अंग उतरले आहे का हे पाहणे आणि गरज पडल्यास लघवीनंतर शिल्लक राहणारे प्रमाण सोनोग्राफीने मोजणे, एवढ्यात बहुतेकींचा प्रकार ठरतो. बाई खुर्चीतून उठून संडासापर्यंत कशी जाते हे पाहणेही तपासणीचाच भाग आहे.

लघवीतून रक्त जाणे, लघवी पूर्ण अडणे, पायांत अचानक अशक्तपणा किंवा जांघेत बधिरपणा येऊन ताबा जाणे, आणि शस्त्रक्रियेनंतर सतत गळणे ही लक्षणे असल्यास विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

उपाय आणि व्यवस्था : प्रथम चटकन बदलणारे घटक हाताळतात : जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, खोकला, औषधांच्या वेळा, संध्याकाळनंतरचा चहा. त्याच वेळी घरात बदल करतात : वाटेवर दिवा, धरायला दांडा, कमोडची खुर्ची, रात्री खाटेजवळ भांडे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले श्रोणितलाचे व्यायाम किमान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केल्यास ताणजन्य व मिश्र प्रकारांत उपयोगी ठरतात. घाईजन्य प्रकारात लघवीच्या वेळांतील अंतर हळूहळू वाढवण्याची सवय लावतात. अंग उतरल्यास योनीत बसवायची कडी वापरतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठरावीक वेळाने विचारून संडासला नेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ मधील वृद्धसेवाविषयक मार्गदर्शिकेत आहे. औषधे व शस्त्रक्रिया यांचा विचार त्यानंतर करतात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात भंडारा, सातारा व वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग जिल्हा होता. त्यामुळे पुष्कळ वृद्ध स्त्रिया रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी नियमितपणे आरोग्य केंद्रात येतात. मूत्र-असंयमाचे प्रश्न विचारायला ही सर्वांत सोयीची जागा आहे, कारण जोखमीची औषधे, साखर आणि वजन यांची माहिती त्यांच्या उपचार-कार्डावर असते. पुढील तपासणीसाठी मालवणचे ग्रामीण रुग्णालय, ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणि गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय असे टप्पे आहेत. तथापि चटकन बदलणारे बहुतेक घटक ओळखायला आणि दुरुस्त करायला गावचे आरोग्य केंद्र पुरेसे असते.