आरंभींचा सूर

पुण्याच्या शनिवारवाड्यांत शिरतांना दिल्ली दरवाजावरील नगारखाना आजही दिसतो. ठराविक वेळीं झडणाऱ्या चौघड्यानें धन्याचा दिमाख आणि लोकांची सोय हीं दोन्ही साधत असत.

नभोवाणीनें तीच रीत चालविली. नाझींच्या भयानें युरोप सोडून १९३४ सालीं मुंबईस आलेले वॉल्टर कॉफमन पुढें मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनांतून निघणारी आकाशवाणीची सुरावट त्यांचीच, असें सामान्यतः मानलें जातें. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें केंद्र सुरू झालें. त्या काळीं रेडिओचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावें लागे, मग कांटा फिरवून केंद्र शोधावें लागे. सभेच्या आरंभीं ही सुरावट वाजे, म्हणून श्रोत्यास केंद्राची खूण पटे.

संगणकाचा आरंभसूर याच कुळांतला. १९९५ च्या विंडोज प्रणालीसाठीं ब्रायन ईनो यांनीं कांहीं सेकंदांचा सूर रचला. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें असा सूर आपोआप वाजेनासा झाला. २०२१ च्या विंडोज ११ मध्यें तो पुन्हां आला. ॲपलनेंही २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून आपला सूर काढला आणि २०२० मध्यें परत आणला.

तथापि रेडिओ ऐकण्यासाठींच लावीत. संगणक वाचनालयांत आणि निजलेल्या मुलाच्या उशाशींही उघडला जातो. यंत्र जागें झालें, एवढें सांगणारा सूर उपयोगी खराच. विशेषतः ज्यास डोळ्यांनीं पडदा दिसत नाहीं त्यास. परंतु केवळ कारखान्याच्या नांवाचा डंका पिटण्यासाठीं तो वाजूं नये, आणि तो बंद करण्याची कळ सदैव यंत्राच्या धन्याच्या हातीं असावी.