केरी पठार आणि कड्यावरून उडण्याचे धोके

केरी पठार : गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, हरमल आणि केरी यांच्यामधला समुद्रालगतचा जांभ्या दगडाचा सडा. (फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतही केरी नावाची गावे आहेत, ही नोंद पेडण्यातल्या केरीची.) पावसाळा सरला की दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा सड्याच्या उतारावर आदळून वर चढतो आणि पॅराग्लायडरला तोलून धरतो. याच वाऱ्याच्या भरवशावर इथे पर्यटकांना उडवण्याचा धंदा उभा राहिला. त्याला टँडम उड्डाण म्हणतात: पुढे पर्यटक, मागे पायलट, दोघांचा भार एकाच पॅराग्लायडरवर.

१८ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी संध्याकाळी, पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट टेकऑफनंतर लगेच दरीत कोसळले. दोघेही दगावले. दोर तुटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. परवाना आणि योग्य साधने नसताना पर्यटकांना उडवले, असा आरोप ठेवून मांद्रे पोलिसांनी कंपनीच्या मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. त्याच सुमारास हिमाचलात धर्मशाळेजवळच्या इंद्रुनागलाही टेकऑफच्या वेळी एक गुजराती तरुणी मरण पावली.

या अपघातांत जमीन फार जवळ होती, हे ध्यानात घ्यायला हवे. पॅराग्लायडरच्या हार्नेसमध्ये राखीव पॅराशूट असते, पण ते फेकून उघडेपर्यंत काही उंची हातची जाते. टेकऑफच्या क्षणी तेवढी उंची नसतेच.

बेस जंपिंगमध्ये तर हाच धोका उडणारा जाणूनबुजून पत्करतो. इमारत, अँटेना, पूल किंवा कडा यांवरून उडी मारायची आणि पाठीवरचे एकुलते पॅराशूट उघडायचे. ते वेडेवाकडे उघडून तोंड कड्याकडे वळले, तर सावरायला वेळ उरत नाही. डिचोली तालुक्यात मये तलावाकाठी ५५ मीटरवरून बंजी जंपिंग चालते; दोर नसेल तर एवढ्या उंचीवरून माणूस साडेतीन सेकंदांच्या आत जमिनीवर येतो. १९१२ मध्ये पॅरिसचा शिंपी फ्रान्झ राइखेल्ट स्वतः शिवलेला पॅराशूट-सूट घालून आयफेल टॉवरच्या ५७ मीटर उंच मजल्यावरून झेपावला. सूट उघडलाच नाही आणि तो जागीच गेला. विमानातून उडी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरलेल्या पुण्याच्या शीतल महाजन यांच्यासारख्या स्कायडायव्हरच्या खाली हजारो फूट मोकळे असतात आणि पाठीवर दुसरे पॅराशूट असते.

आधुनिक बेस जंपिंगचा जनक मानला जाणारा कार्ल बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोल भिंत नावाच्या कड्यावरून उडी घेताना गेला. तिथे १९८६ पासून उड्यांवर बंदी आहे. त्याच देशातल्या शेराग कड्याची नोंद मात्र नीट ठेवली गेली: १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या, ९ मृत्यू. म्हणजे दर २,३१७ उड्यांमागे एक जीव. हौसेच्या खेळाला ही किंमत फार मोठी आहे.

बेस जंपिंग करताना विंगसूट घातला, तर हात-पायांमधल्या कापडात हवा भरते आणि माणूस ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५० मीटर. कड्याला घासून जाण्याची चढाओढ याच वेगात चालते. तिथे अनुभवही वाचवू शकत नाही. अनुभवी बेस जंपर व्हॅलेरी रोझोव्हने २०१२ मध्ये गढवालच्या शिवलिंग शिखरावरून विंगसूट उडी घेतली होती. २०१७ मध्ये नेपाळात अमा दब्लम शिखरावरून उडताना तो गेला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट एकाच विंगसूट उड्डाणात मरण पावले.

रोझोव्ह किंवा पॉटर यांच्यासारखे उडणारे सहसा आपले पॅराशूट स्वतः घडी घालून भरतात, वारा स्वतः जोखतात. केरीच्या सड्यावर पैसे भरून हार्नेसमध्ये बसणाऱ्या पर्यटकाला दोऱ्या झिजल्या आहेत का, राखीव पॅराशूट शेवटचे कधी तपासले, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून परवाना, पायलटचे प्रशिक्षण आणि साधनांची तपासणी ही जबाबदारी उडवणाऱ्याची आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारची. ती तपासणी अपघातानंतर नव्हे, टेकऑफच्या जागेवर रोज व्हायला हवी.