न सुटलेली बोट : कोकणचा किनारा आणि ग्रीसची बेटे

१/ पुण्यातील कर्वे रस्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यातील एक प्रसिद्ध पायपीट न सुटलेल्या बोटीमुळे घडली. साल १८७५. दापोलीजवळच्या मुरुडचा हा १७ वर्षांचा विद्यार्थी सरकारी परीक्षेला निघाला होता. मुंबईचे केंद्र बोटीने जवळचे. पण पावसाळी हवेमुळे बोट मिळेना. अखेर सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून त्याने साताऱ्याची वाट धरली.

२/ शंभराहून अधिक मैल, चार दिवस, भर पावसात. साताऱ्यात पोहोचल्यावर ‘वय लहान दिसते’ म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. न सुटलेल्या बोटीची किंमत ही अशी असते. मात्र सुटलेल्या बोटीची किंमत कधी कधी याहून फार मोठी असते. जलप्रवासाचा इतिहास एका दृष्टीने याच निर्णयाचा इतिहास आहे : आज बोट सोडायची की नाही?

३/ रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी कोकणचा राजमार्ग म्हणजे समुद्र. मुंबईहून निघालेल्या आगबोटी हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत नेल्या जात.

४/ हिंदकळणाऱ्या पडावातून बोटीवर चढणे शांत समुद्रातही सोपे नव्हते; पावसाळ्यात तर ते जिवावरचेच. म्हणून दूरच्या फेऱ्या पावसाळ्यात थांबत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मगच होड्या पाण्यात लोटायच्या, या कोळी समाजाच्या प्रथेमागेही हेच शहाणपण होते.

५/ भूमध्य समुद्राचे कॅलेंडर नेमके उलटे. तेथे उन्हाळा प्रवासाचा आणि हिवाळा धोक्याचा. रोमन लेखक व्हेजिशियस याने ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा काळ समुद्र ‘बंद’ असल्याचा सांगितला आहे. ऋतू निराळे, नियम एकच : समुद्राला सुट्टी द्यावी लागते.

६/ वाफेच्या इंजिनाने हा नियम सैल केला. वाऱ्यावरचे अवलंबित्व संपले, तसा वाऱ्याचा धाकही कमी झाला. पण ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, पावसाळा सरल्यावर, कोकण किनाऱ्यावर वादळ उठले आणि ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

७/ पुढे ‘रामदास’ आली. १९३६ साली इंग्लंडमधील स्वान हंटर या नामांकित कारखान्यात बांधलेली ही बोट नंतर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली. राष्ट्रीय भावनेतून उभ्या राहिलेल्या या कंपनीला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावे, मालकी आपल्या माणसांची. प्रवाशांचा विश्वास स्वाभाविक होता.

८/ १७ जुलै १९४७. गटारीचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अंतर जवळचे, जेमतेम दीड तासाचे; म्हणून ही फेरी पावसाळ्यातही चाले. वाटेत वारा-पाऊस वाढला. काशाच्या खडकाच्या परिसरात बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्यदिन २९ दिवसांवर होता.

९/ बोटीवर वायरलेस नव्हता. त्यामुळे मुंबईला दिवसभर काहीच कळले नाही. कसेबसे किनाऱ्याला लागलेल्यांकडून संध्याकाळी बातमी शहरात पोहोचली. तोवर मदतीला आले होते ते रेवसचे कोळी. विक्रीसाठी नेत असलेली मासळी समुद्रात टाकून त्यांनी आपल्या होड्यांत माणसे ओढून घेतली, असे सांगितले जाते.

१०/ ग्रीसची कहाणी याहून फार वेगळी नाही. दोनशेहून अधिक वसलेल्या बेटांच्या त्या देशात फेरी म्हणजे एसटीच. ७ डिसेंबर १९६६ रोजी ‘हेराक्लिऑन’ ही बोट क्रीट बेटावरून पिरियस बंदराकडे वादळातच निघाली. आत उभा असलेला एक मालट्रक सुटला, बोटीच्या बाजूच्या दारावर आदळला आणि पाणी आत शिरले. दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

११/ त्यानंतर क्रीटमधील हानिया परिसरातील सामान्य लोकांनी भाग विकत घेऊन १९६७ मध्ये ‘आनेक’ ही स्वतःची बोट कंपनी काढली. कोकणात आधी ‘आपली’ कंपनी आणि मग दुर्घटना. क्रीटमध्ये आधी दुर्घटना आणि मग ‘आपली’ कंपनी. मालकी आपली असणे ही अभिमानाची गोष्ट खरी, पण वादळ मालकाचे नाव विचारत नाही. बोट रोखण्याचा अधिकार मालकाबाहेरच्या कुणाच्या तरी हाती असावा लागतो.

१२/ आज ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटी सुटण्यास मनाई करतात. तरीही धोका संपत नाही. सप्टेंबर २००० मध्ये ‘एक्सप्रेस सामिना’ पारोस बेटाजवळ ठळकपणे दिसणाऱ्या खडकांवर आदळली; ८० हून अधिक बळी गेले. तेथेही अनेकांना वाचवले ते स्थानिक कोळ्यांच्या होड्यांनी.

१३/ २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली. मुंबईचे पर्यटक आता मोटारीसह अलिबागकडे जाण्यासाठी तिचा उपयोग करतात. या सेवेची पहिली बोट ग्रीसमध्ये बांधलेली. तिच्या नावातील ‘प्रोटोपोरोस’ हा ग्रीक शब्दच, अर्थ ‘अग्रणी’. एजियन समुद्राच्या काठी घडलेली ही बोट ‘रामदास’ ज्या पाण्याकडे निघाली होती, त्याच पाण्यातून ये-जा करू लागली.

१४/ गेटवेहून सुटणाऱ्या साध्या लाँच आजही पावसाळ्यात बंद असतात. हवा बिघडली की रो-रोची फेरीही रद्द होते आणि धक्क्यावर ताटकळलेली माणसे वैतागतात. १७ जुलै १९४७ च्या सकाळी तशीच एक फेरी रद्द झाली असती, तर सहाशे घरांत त्या संध्याकाळी फक्त चिडचीड झाली असती.