हरणाऱ्याला थांबवायचं कसं?

पनवेल स्टेशनावर तिकिटाला दोन रांगा असल्या की आम्ही सुकापूरकर काय करतो? एकीत आपण, दुसरीत मित्र. ज्याचा नंबर आधी लागेल तो तिकिटं काढणार. दुसऱ्याने मात्र वेळीच रांग सोडायची, नाहीतर पैसे दुप्पट!

दोन थ्रेडची शर्यत लावली की हेच. जिंकणारा सापडतोच, हरणाऱ्याला मध्येच थांबवणं हे खरं दुखणं. जावाने थ्रेड मारायला 'स्टॉप' दिलं आणि १९९८ मध्ये स्वतःच सांगितलं, वापरू नका. कारण मरणाऱ्या थ्रेडची कुलुपं सुटतात आणि अर्धवट बदललेला डेटा इतरांच्या हाती पडतो.

हास्केलवाल्यांनी (मार्लो, पेटन जोन्स, मोरान, रेपी) २००१ मध्ये नेमकं उलट धाडस केलं: एका थ्रेडने दुसऱ्यावर कधीही एक्सेप्शन फेकावं. शुद्ध फंक्शन काही बदलतच नाही, मग अर्धवट काय राहणार? जिथे फाइल, कुलूप वगैरे असेल तेवढ्यापुरतं ते रोखून धरायचं. मला तरी हे फार आवडलं!

२००८ मध्ये कॉनल इलियटने यावर 'अनॅम्ब' रचलं. दोन्हीकडचं उत्तर एकच असेल तर आधी येईल ते घ्या, निकाल शुद्धच. पण उत्तर एकच आहे का, हे कंपायलर बघत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. शिवाय हरलेल्याने स्वतः आणखी थ्रेड सुरू केले असतील तर? हास्केल ते आपणहून मारत नाही. मार्लोच्या २०१२च्या 'असिंक' लायब्ररीतलं 'रेस' हरणाऱ्याला रद्द करतं, आणि त्याच्या आत दुसरी 'रेस' चालू असेल तर तिथपर्यंतही निरोप पोचतो.