बाद फेरीनंतरचे वर्ष : परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन कबड्डी

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन कबड्डीचा इतिहास केवळ विजेत्यांच्या यादीवरून लिहिला तर तो अपुरा राहतो, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणाऱ्या बहुतेक संघांचे वर्ष एका पराभवाने संपते आणि त्या पराभवानंतर संघाचे काय होते, यावरच त्या महाविद्यालयातील खेळाचे पुढचे स्वरूप ठरते. साखळी पद्धतीत गटातील प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. बाद पद्धतीत मात्र हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो. विद्यापीठीय स्पर्धांत खर्च आणि दिवस वाचावेत म्हणून प्रारंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीने आणि अखेरच्या चार संघांचे सामने साखळीने खेळवण्याची प्रथा रूढ झाली, आणि तिचा व्यवहारातील अर्थ असा की पहिल्याच फेरीत हरलेल्या पुरुष संघाच्या वर्षभराच्या तयारीचे माप २०-२० मिनिटांच्या दोन डावांत घेतले जाते. या रचनेचा भार मोठ्या शहरातील संपन्न महाविद्यालयापेक्षा गंगाखेड, पूर्णा, सेलू, जिंतूर किंवा सोनपेठ येथील लहान महाविद्यालयावर कितीतरी अधिक पडतो. तो का पडतो, हे समजण्यासाठी या जिल्ह्यात महाविद्यालयीन खेळ कोणत्या वाटेने आला, हे पाहावे लागते.

१९४८ पर्यंत परभणी हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता आणि संस्थानातील उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणजे १९१८ मध्ये सुरू झालेले, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या क्रीडाजीवनात फुटबॉलला मानाचे स्थान होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानियाचेच विद्यार्थी होते आणि पेशाने शिक्षक होते. मात्र ही परंपरा राजधानीत एकवटलेली होती आणि मराठवाड्याच्या जिल्ह्यांपर्यंत ती संस्थेच्या रूपाने पोहोचली नाही. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज, म्हणजे पदवीपूर्व दोन वर्षांचे शिक्षण देणारे महाविद्यालय, होते. पदवीसाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हैदराबादची वाट धरावी लागे. गावोगावच्या तालमी आणि आखाडे हे व्यायामाचे खरे स्थान होते, परंतु सभा, खासगी शाळा आणि आखाडे या तिन्हींकडे संस्थानी राजवट संशयाने पाहत असल्याने त्यांच्यावर परवानगीची बंधने होती. त्यामुळे ज्या काळात पुणे, सातारा, बडोदे आणि मुंबई येथे देशी खेळांचे नियम बसवले जात होते, त्या काळात परभणीतील हुतूतू हा सणावाराला व सुगीनंतर मोकळ्या रानात खेळला जाणारा, लिखित नियमांवाचूनचा खेळ राहिला.

हुतूतूचे कबड्डीत झालेले रूपांतर हे मुख्यतः मराठवाड्याबाहेरच्या कार्यकर्त्यांचे काम आहे. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा भरवली, अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना एकसूत्रता दिली, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केला. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि १९६१ मध्ये विद्यापीठीय क्रीडा मंडळाने कबड्डीला विद्यार्थ्यांच्या मान्यताप्राप्त खेळांत स्थान दिले. मराठवाड्याचा राजकीय प्रवास याच सुमारास पूर्ण होत होता : १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. परभणीच्या क्रीडाविश्वाचे तोंड हैदराबादकडून पुण्या-मुंबईकडे वळले ते या घटनाक्रमामुळे. फुटबॉल मागे पडून कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल पुढे आले, यात स्थानिक आवडीचा वाटा होताच. परंतु ज्या खेळाची संघटना, पंच आणि नियमपुस्तिका मराठीत उपलब्ध होती, तोच खेळ नव्याने निघणाऱ्या महाविद्यालयांना हाती धरता आला, हे कारण अधिक वजनदार मानले पाहिजे.

ही महाविद्यालयेही याच दशकांची निर्मिती होती. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर परभणीतील श्री शिवाजी व ज्ञानोपासक, सेलूचे नूतन, गंगाखेडचे संत जनाबाई, पूर्णेचे श्री गुरु बुद्धिस्वामी अशी महाविद्यालये जिल्ह्यात उभी राहत गेली. विद्यापीठीय स्पर्धेची उतरंड तेव्हापासून साधारण सारखीच आहे : महाविद्यालयीन संघ आपल्या विभागात खेळतात, विभागांतील विजेते परस्परांशी खेळतात, त्या सामन्यांतून निवड समिती १२ खेळाडूंचा विद्यापीठ संघ निवडते, तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आदी राज्यांतील विद्यापीठांशी भिडतो आणि तेथील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूला महाविद्यालयांच्या भाषेत कलर होल्डर म्हणतात आणि त्या एका शब्दामागे ग्रामीण विद्यार्थ्याची अनेक वर्षांची धडपड असते.

या उतरंडीचा भूगोल परभणीपुरता दोनदा बदलला. पहिला बदल १९७२ चा. त्या वर्षी १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर परभणीतील कृषीचे विद्यार्थी वेगळ्या स्पर्धाक्रमात गेले आणि एकाच शहरात, अनेकदा एकाच मैदानावर सराव करणारे दोन चांगले चढाईपटू पुढे कधीही एका विद्यापीठ संघात येऊ शकणार नाहीत, अशी स्थिती निर्माण झाली. दुसरा बदल १९९४ चा. त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याकडे गेले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाल्यावर त्या क्षेत्रात चार जिल्हे झाले. पूर्वी सुमारे २०० किलोमीटरवरच्या औरंगाबादला जाणारा परभणीचा खेळाडू आता सुमारे ७० किलोमीटरवरच्या नांदेडला जाऊ लागला आणि पूर्वी सात जिल्ह्यांत वाटल्या जाणाऱ्या १२ जागा त्याच्यासाठी कमी जिल्ह्यांत वाटल्या जाऊ लागल्या. संधी वाढली हे खरे. त्याचबरोबर आंतरविद्यापीठ पातळीवर मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांना तोंड देणारा संघ अर्ध्याच प्रदेशातून निवडावा लागला, हेही तितकेच खरे, आणि या दुसऱ्या बाजूकडे विभाजनाच्या चर्चेत फारसे लक्ष गेलेले नाही.

पराभवानंतर लहान महाविद्यालयापुढे उभी राहणारी पहिली अडचण खेळाच्या तंत्रातूनच येते. कबड्डीत मैदानावर सात खेळाडू असतात आणि बचावाची मदार डाव्या व उजव्या कोपरारक्षकांवर असते; चढाईपटू निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, पार करून आत आला की एका कोपऱ्याने घोट्याची पकड घ्यायची, शेजारच्याने त्याच क्षणी आधार द्यायचा आणि मध्यरक्षकाने परतीची वाट अडवायची, हा मेळ शब्दांवाचून जमावा लागतो. असा मेळ बसायला दोन हंगाम सहज जातात. पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी खेळाडू राखीव बसतो, दुसऱ्या वर्षी संघात येतो आणि तिसऱ्या वर्षी परिपक्व होऊन महाविद्यालय सोडतो. तिसऱ्या वर्षाच्या चार-पाच खेळाडूंवर उभा असलेला संघ बाद फेरीत हरला, तर तो पराभव भरून काढण्यासाठी तोच संघ पुन्हा कधीही मैदानात उतरत नाही. मोठ्या महाविद्यालयात कनिष्ठ महाविद्यालयाचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, खेळाडू त्याच मैदानावर तयार होत असतात. परंतु तेही खेळतात शासनाच्या क्रीडा विभागाच्या १९ वर्षांखालील स्पर्धांत, आणि बारावीनंतर ते त्याच महाविद्यालयात राहतील याची खात्री नसते. पोलीस भरतीची तयारी अनेकांना दुसरीकडे ओढते. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना सरकारी सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण मिळाल्यापासून तर वरच्या स्तरावरील स्पर्धेत मिळालेले स्थान हेच उपजीविकेचे साधन ठरू लागले आणि जो संघ लवकर बाद होतो त्यातील गुणी मुलगा, निवड समितीच्या नजरेस पडण्यासाठी, अंतिम फेरी गाठणाऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेऊ लागला. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परिणाम मात्र एवढाच होतो की एका पराभवातून पुढच्या वर्षीच्या पराभवाची तयारी होते.

जमीन आणि ऋतू यांचा वाटा वेगळा मांडावा लागतो, कारण बाहेरच्या अभ्यासकाच्या तो ध्यानात येत नाही. परभणीची काळी, भारी जमीन पावसात फुगते व चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कापसाला मानवणारी ही माती कबड्डीला मानवत नाही. क्रीडांगण करायचे तर वरचा थर काढून मुरूम भरावा लागतो, त्यावर चाळलेली मऊ माती पसरावी लागते आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ते काम पुन्हा करावे लागते. विभागीय स्पर्धा पावसाळा सरल्यावर भरतात. त्याच दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, सत्र परीक्षा आलेल्या असतात आणि गंगाखेड, सोनपेठ, पालम भागांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे निघतात. घरची माणसे तोडीला गेली की मागे राहिलेल्या मुलावर गुरांची, धाकट्या भावंडांची जबाबदारी येते आणि संध्याकाळच्या सरावातून तो गळतो. या सर्वांत मॅटची भर पडली. वरच्या स्पर्धा मातीऐवजी कृत्रिम गाद्यांवर होऊ लागल्यापासून अनवाणी खेळून तयार झालेल्या खेळाडूला बूट घालून वळणे, घसरणे आणि पडणे नव्याने शिकावे लागते. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदान झाकेल एवढी मॅट घेणे लहान महाविद्यालयाच्या क्रीडा शुल्कात बसत नाही, म्हणून संघ मातीवर सराव करतो आणि परीक्षा मात्र मॅटवर देतो.

या साऱ्याला तोंड देणारी व्यक्ती बहुधा एकच असते, ती म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. प्रवेशाच्या वेळी खेळाडू हेरणे, मैदान आखणे, प्रवेशिका व वयाचे दाखले पाठवणे, प्रवासभत्त्याचा हिशेब ठेवणे आणि कबड्डीबरोबर खो-खो, मैदानी खेळ, कुस्ती यांचे संघही सांभाळणे ही सर्व कामे त्या एका पदावर असतात. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित शिक्षणसंस्थांचे धोरण आले आणि जिल्ह्यात महाविद्यालयांची संख्या वाढली, तरी वेतनाची हमी असलेली क्रीडापदे त्या प्रमाणात वाढली नाहीत. निवृत्तीनंतर पद रिकामे राहिले की वीस-पंचवीस वर्षांचे संघबांधणीचे ज्ञान एका दिवसात महाविद्यालयाबाहेर जाते, ही या इतिहासातील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी नोंदवली गेलेली हानी आहे. अमेरिकेतील लहान महाविद्यालयांशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७३ मध्ये तीन श्रेणी केल्या आणि तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई केली. तेथील लहान महाविद्यालयाचा फुटबॉल संघही बाद फेरीत एका सामन्यात हरून वर्ष संपवतो आणि त्याचेही खेळाडू पदवी घेऊन जातात. परंतु त्या खेळाचा स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक व त्याचे सहायक दुसऱ्या दिवशी कामावर असतात आणि पराभवाचा अभ्यास पुढच्या संघाच्या हाती पोहोचतो.

परभणीत हे काम काही अंशी गावच्या क्रीडा मंडळांनी केले. गणेशोत्सव, शिवजयंती किंवा यात्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांत महाविद्यालय सोडलेला कोपरारक्षक आणि नुकताच अकरावीत गेलेला मुलगा शेजारी उभे राहून खेळतात आणि पकडीचे शिक्षण तेथे एका पिढीकडून दुसरीकडे जाते. याच कारणाने अनेक महाविद्यालयांचे बलस्थान त्यांच्या परिसरातील दोन-तीन गावांत असते. एखाद्या गावाचे मंडळ मोडले की काही वर्षांत महाविद्यालयाचा संघही ढिला पडतो. मुलींच्या बाबतीत हा आधार फार दुबळा आहे, कारण मंडळांच्या स्पर्धा प्रामुख्याने पुरुषांच्या असतात आणि मुलींचा संघ बाद झाला की पुढच्या हंगामापर्यंत त्याला सामना मिळत नाही. महाराष्ट्रातील महिला कबड्डीची परंपरा मोठी असूनही मराठवाड्याचा वाटा त्यात मर्यादित राहिला, याचे स्पष्टीकरण गुणवत्तेत शोधण्यापेक्षा वर्षाकाठी मिळणाऱ्या सामन्यांच्या संख्येत शोधणे योग्य ठरेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली आणि तिच्यात चौथ्या वर्षाचा पर्याय आला. परिपक्व कोपरारक्षक आणखी एक हंगाम मिळणे, ही लहान संघासाठी गेल्या अर्धशतकातील मोठी गोष्ट ठरू शकते. मात्र चौथ्या वर्षाचे वर्ग चालवण्यासाठी लागणारे अध्यापक आणि मान्यता प्रथम परभणी-नांदेडसारख्या शहरांतील महाविद्यालयांकडे असणार, आणि तालुक्याच्या गावी तीन वर्षे खेळलेल्या विद्यार्थ्याने चौथ्या वर्षासाठी तेथे प्रवेश घेतला, तर तो त्याच विभागीय स्पर्धेत आपल्या जुन्या महाविद्यालयाविरुद्ध चढाईला उतरेल.