हेलेने मायर : एका तलवारपटूची कथा
(सभेतील भाषणाचे शब्दांकन)



हौगांगमधील आमच्या घरी सध्या फॉइलची चर्चा फार असते. माझी नात शाळेत तलवारबाजी शिकते, आणि तिचा आदर्श आहे अमिता बर्थिए. "आजोबा, आपल्या यहुदी लोकांत अशी कोणी झाली का?" असे तिने मला एका शब्बाथच्या जेवणानंतर विचारले. उत्तर द्यायला बसलो आणि अडखळलो.

अमिताची हकीकत सरळ आहे. जन्म २००० सालचा, सिंगापुरातला. वडील फ्रेंच, आई भारतीय वंशाची. किशोरवयातच पित्याचे छत्र हरपले, तरी सराव खंडला नाही. २०१७ साली आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत तिने सुवर्णपदक मिळवले; पुढे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात राहून ती खेळत राहिली, आणि २०२१ मध्ये ताश्कंदच्या पात्रता स्पर्धेतून टोकियो ऑलिंपिकला पोहोचली. मिश्र घराण्यातील ही मुलगी सिंगापूरचा ध्वज घेऊन उभी राहिली, याचे येथे कोणाला आश्चर्य वाटले नाही.

हेलेने मायरचे तसे झाले नाही. ती १९१० साली फ्रांकफुर्टजवळच्या ओफेनबाख गावी जन्मली. वडील यहुदी डॉक्टर, आई ख्रिस्ती. गावच्या तलवारबाजी मंडळात आर्तुरो गात्सेरा नावाचे इटालियन उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली ही सोनेरी वेण्यांची पोर तयार झाली. फॉइलमध्ये केवळ धडावर, तेही टोकाने, स्पर्श केल्यास गुण मिळतो. बळापेक्षा क्षण ओळखण्याला तेथे किंमत, आणि तो तिला लहानपणापासून ओळखता येई. चौदाव्या वर्षी जर्मनीची विजेती, सतराव्या वर्षी, १९२८ साली, आम्स्टरडॅमला ऑलिंपिक सुवर्ण! जर्मनीने तिला डोक्यावर घेतले. १९३१ मध्ये वडील वारले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ती पाचवी आली आणि शिकण्यासाठी कॅलिफोर्नियातच राहिली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि ज्या मंडळाने तिला घडवले त्यानेच तिचे नाव सभासदांच्या यादीतून काढले. तिला धर्माचे शिक्षण कधी मिळाले नव्हते, ती स्वतःला यहुदी म्हणवतही नव्हती. पण १९३५ च्या न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी तिच्या रक्ताचा हिशेब मांडला. आपल्या शास्त्राने ती यहुदी ठरत नाही, कारण आई यहुदी नव्हती. त्यांच्या कायद्याने पुरेशी यहुदी ठरते.

आपण बेने इस्राएल लोकांनी हे ऐकून थबकावे असे मला वाटते. इस्राएलमध्ये १९६२ नंतर आपल्या लोकांच्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी होऊ लागली. १९६४ साली क्नेसेटने हस्तक्षेप करीपर्यंत आपण कोण हे दुसरेच ठरवीत होते. त्या काळातील माणसांच्या मनाला जे लागले, ते आपल्या घरांत अजून बोलले जाते. तुलना अर्थातच तंतोतंत नाही. आपल्याकडे जीव गेले नाहीत.

अमेरिकेत बर्लिनवर बहिष्काराची मागणी वाढली, तेव्हा नाझींनी हेलेनेला संघात बोलावले. उंच उडीतील ग्रेटेल बर्गमान हिला मात्र ऐन वेळी डावलले. हेलेने गेली. १९३६ मध्ये इलोना एलेकने सुवर्ण, हेलेनेने रौप्य आणि एलेन प्राइसने कांस्य मिळवले. तिघींचेही वडील यहुदी! आणि त्या व्यासपीठावर हेलेनेने हात उंचावून नाझी सलामी दिली.

तिचे भाऊ तेव्हा जर्मनीतच होते, हे विसरू नये. तरी ते छायाचित्र माझ्याने फार वेळ पाहवत नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसला ती जगज्जेती झाली, अमेरिकेची नागरिक झाली, अखेरीस जर्मनीत परतली आणि १९५३ साली कर्करोगाने वारली. वय अवघे बेचाळीस.

नातीला मी हे सारे सांगितले, सलामीसुद्धा. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तिचे नाव आपल्या यादीत घालायचे की नाही?"

मी अजून उत्तर दिलेले नाही.