सापाचं अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या डोळ्यांसमोर साप नक्कीच नव्हता. ज्याला पायच नाहीत, त्यानं अंथरूण पाहून करायचं काय? ही माझी समजूत परवापर्यंत पक्की होती. परवा न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्यानं कॉर्न स्नेक पाळलाय. म्हणजे मक्याचा साप! मका आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही होतो. पण आम्ही मका घरी आणतो आणि साप शेतातच ठेवतो.

"मामा, पेटीत त्याच्या खाली काय घालू? पेपर, लाकडाचा भुसा, की काथ्या?"

बी.कॉम.ला हा विषय नव्हता. तरी माणूस सापाखाली आजवर काय काय घालत आला, याचा जमाखर्च मांडून पाहिला. जमा सगळी माणसाच्या नावे निघाली आणि खर्च सापाच्या.

पहिली नोंद गारुड्याची. वेताची टोपली, खाली फडकं, वर झाकण. नागपंचमीला ती आमच्या दारात उघडे. आजी म्हणे, "बाळा, नागोबाले दूध दे." मी भक्तिभावानं वाटी पुढे करी आणि नाग चक्क पिई. पुढे कळलं, की दूध हे सापाचं अन्नच नव्हे. त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतात. मग तहानेला जीव मिळेल त्यात तोंड घालतो आणि पुष्कळदा त्यापायीच मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, माझी वाटी त्यानंतरची. म्हणजे पुण्य जमा करता करता मी बालगुन्हेगार झालो होतो!

दुसरी नोंद मडक्याची. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात पंचमीआधी नाग पकडून मडक्यात ठेवत आणि मग त्यांची मिरवणूक काढत. तिला पुढे न्यायालयानं चाप लावला. मडकं मात्र निर्दोष. आत गारवा, अंधार आणि मातीतून थोडी हवा. तमिळनाडूत इरुळा लोकांनी 1978 साली सर्पमित्रांची नव्हे, सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. तीही साप मडक्यातच ठेवते, तोंडाला कापड बांधून. विष काढायचं, त्यापासून सर्पदंशावरचं औषध होतं आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात. मुदत संपली की ठेव परत! बँकेतल्या माणसाला सहकाराचं एवढं निर्मळ दर्शन क्वचितच घडतं.

तिसरी नोंद काचेची. 1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही, हे लोकांना पटवायचं होतं. पाहुण्याच्या घरी राहून त्याची वागणूक तपासणारा हा पहिलाच यजमान असावा. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

एवढा इतिहास झाल्यावर चार पुस्तकं चाळून भाच्याला कळवलं, "पेपर स्वस्त आणि स्वच्छ, पण सापाला त्यात नीट दडता येत नाही. वाळू नको, घासाबरोबर पोटात जाते. सीडरचा भुसा तर मुळीच नको, त्यातलं तेल सापाला बाधतं. ॲस्पेनचा भुसा घाल, त्यात तो बोगदे करील. पण कोरडा ठेव, ओला झाला की बुरशी धरतो. काथ्या ओल धरतो. कात टाकायच्या वेळी थोडी ओल लागते, तेव्हा एका डबीत तो भरून ठेव."

फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्या खटाटोपानं आपण जे पेटीत आणतो, ते आमच्या काळ्या रानात आयतंच अंथरलेलं आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, उंदरांची बिळं, आणि 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून बदनाम झालेला तो. बिचारा स्वतः बीळ खणत नाही. धान्य खाणारा घरमालक खातो आणि तिथंच राहतो. पंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये असं आजी सांगायची. दुधाचं तिचं चुकलं, पण जमिनीचं बरोबर होतं.

यंदा पंचमीला मुलीनं विचारलं, "बाबा, दुधाची वाटी?"

आम्ही शेताच्या बांधावर जाऊन लांबूनच नमस्कार केला. दुधाचा घरी चहा केला.